प्रयोगशाळेत उपकरण कोणाच्या हातात असते?

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला आणि मुली मुलांच्या पुढे, ही बातमी आता इतकी सवयीची झाली आहे की वर्तमानपत्रे तिचा मथळा बदलण्याचेही कष्ट घेत नाहीत. पुढे विज्ञान शाखेच्या प्रवेशयाद्या लागतात, त्यांतही मुलींची नावे भरपूर असतात. देशाचे चित्र याहून फार वेगळे नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत २९.८ लाख विद्यार्थिनी होत्या आणि २७.४ लाख विद्यार्थी. आता दुसरा आकडा पाहा. २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाचे काम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण होते १६.६ टक्के. निम्म्याहून अधिक संख्येने आत आलेल्या मुलींपैकी इतक्या जणी वाटेत कुठे गळतात, असा प्रश्न विचारला की लग्न, मूल आणि सासर ही तीन उत्तरे तयार असतात. ती खोटी नाहीत. परंतु ती देणाऱ्याला स्वतःच्या विभागाकडे बघावे लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा आहे. कोकणपट्टीतल्या एका पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना माझे मत असे झाले आहे की गळतीचा बराच भाग लग्नाच्या कितीतरी आधी, आमच्याच प्रयोगशाळेत आणि आमच्याच सूचनाफलकासमोर घडतो, आणि तो केवळ मुलींपुरता मर्यादित नसतो.

स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटरेषांचे कोन मोजणाऱ्या उपकरणाचा, प्रयोग घ्या. सोडियमच्या दिव्यासमोर फट अरुंद करायची, दुर्बीण लांबच्या वस्तूवर केंद्रित करायची, प्रिझमचे टेबल तीन स्क्रूंनी सपाट करायचे आणि मग छेदतारा वर्णपटरेषेवर आणून व्हर्नियरचे वाचन घ्यायचे. या सगळ्यात सर्वांत कठीण काम वाचन घेण्याचे नसून उपकरण जुळवण्याचे असते, आणि ते पुस्तकातून येत नाही. बोटांना कळावे लागते. आमच्याकडे उपकरणे मोजकी असल्यामुळे एका उपकरणावर तीन-चार जणांचा गट असतो. गटात पहिल्या पाच मिनिटांत कामाची वाटणी होते आणि ती कोणी ठरवलेली नसते. एक मुलगा, बहुधा शहरातल्या शाळेतून आलेला, दुर्बिणीशी बसतो. दुसरा त्याच्या शेजारी उभा राहून सूचना देतो. मुलगी वही उघडते, कारण ‘तुझे अक्षर चांगले आहे, तू लिही.’ चौथा विद्यार्थी आतल्या एखाद्या वाडीतून आलेला असतो. तो हात मागे बांधून बघत राहतो. काच फुटली किंवा स्क्रूचा आटा गेला तर भरपाई अनामत रकमेतून कापली जाते, हे त्याने प्रवेशाच्या वेळी वाचलेले असते, आणि ती रक्कम त्याच्या घरी कोणी आणि कशी उभी केली हेही त्याला ठाऊक असते.

सत्राअखेर प्रत्येकाला एकट्याने प्रयोग लावावा लागतो तेव्हा या वाटणीचा हिशोब होतो. जर्नल सुंदर लिहिणाऱ्या मुलीला सूत्र येते, आकडेमोड येते, आलेख नेमका काढता येतो, पण रेषा दिसत नाही म्हणून तिचा पहिला अर्धा तास जातो. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेताना म्हणतात, ‘मुली थिअरीत चांगल्या, प्रॅक्टिकलला जरा कच्च्याच.’ आपणच निर्माण केलेली गोष्ट निसर्गाच्या नावावर टाकण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नसेल.

यावर उपाय करायला कोणत्याही जीआरची वाट पाहावी लागत नाही. आमच्या विभागात आता प्रत्येक प्रयोगाच्या तक्त्यावर जुळवणी, वाचन, नोंद आणि पडताळणी ही चार कामे आधीच छापलेली असतात आणि पुढच्या प्रयोगाला ती बदलतात. ज्याने उपकरण जुळवले त्याच्या नावापुढे शिक्षकाची सही होते. ती नसेल तर जर्नल प्रमाणित होत नाही. पहिल्या वर्षाला मोडतोडीची भरपाई विद्यार्थ्याकडून न घेता विभागाच्या किरकोळ खर्चातून घ्यावी, असा ठराव करताना कार्यालयाने थोडे आढेवेढे घेतले, परंतु विद्यार्थी हाताळतात म्हणून फुटणाऱ्या वस्तूंचा वर्षाचा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा पुष्कळ कमी आहे हे दाखवल्यावर तो मंजूर झाला. (प्रयोगशाळा परिचरांना सुरुवातीला हे सारे आवडले नव्हते. त्यांच्या मते ‘मुलींच्या हातून कमी फुटते’ ही फार समाधानाची बाब होती. कमी फुटत होते, कारण मुली हातच लावत नव्हत्या.)

गटांची रचना हा विषय इथेच संपत नाही, कारण कोकणात गट आडनावावरूनही पडतात आणि आडनाव पुरले नाही तर पत्त्यावरून. आपल्याकडच्या गावांत बौद्धवाडी, भंडारवाडा, ब्राह्मणआळी, मोहल्ला अशी वस्तीची नावेच माणसाची ओळख सांगून मोकळी होतात. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तरी आधार कार्डावरचा आणि प्रवेश अर्जावरचा पत्ता एवढ्यात बदलत नाही. प्रकल्पाचे विद्यार्थी मार्गदर्शकांमध्ये वाटण्यासाठी जी यादी फिरते, तिच्यात पूर्ण पत्ता आणि प्रवर्गाचा रकाना कशासाठी असावा, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. ‘आम्ही जात बघत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाला ती यादीत छापून देण्याची गरज नसते, एवढे साधे तर्कशास्त्र विज्ञान विभागात मान्य व्हायला हरकत नव्हती.

शिष्यवृत्तीची यादी तर याहून उघडी असते. मी पूर्वी एका महाविद्यालयात शिकवत असताना कार्यालयातून लिपिक वर्गात येत, तास थांबवत आणि ‘स्कॉलरशिपवाल्यांनी उभे राहा’ असे म्हणून कागदपत्रांची आठवण देत. शिष्यवृत्तीचा हप्ता पोर्टलवर अडकला होता तो विद्यार्थ्यांमुळे नव्हे, तरीही थकबाकीदारासारखे उभे राहावे लागे ते त्यांनाच. त्यानंतर आठवडाभर त्यांतले काही जण मागच्या बाकावर बसत. अर्ज क्रमांकानुसार यादी लावणे आणि कागदपत्रांचा निरोप मोबाइलवर देणे याला पैसा लागत नाही, अक्कलही फारशी लागत नाही. फक्त वर्गात उभे राहणाऱ्याला काय वाटते हा प्रश्न कधीतरी पडावा लागतो.

आपले मन स्वच्छ आहे, सबब आपले मूल्यमापनही स्वच्छ आहे, हा समज विज्ञानाच्या माणसांत विशेष पक्का असतो. त्याची तपासणी झालेली आहे. २०१२ साली अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला एक अर्ज पाहायला दिला गेला. अर्ज अक्षरशः एकच होता. निम्म्या जणांना तो जॉनच्या नावाने मिळाला आणि निम्म्यांना जेनिफरच्या. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला देऊ केलेले सरासरी वार्षिक वेतन ३०,२३८ डॉलर होते. जेनिफरला २६,५०८ डॉलर. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा फरक करण्यात स्त्री प्राध्यापकही मागे नव्हत्या. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी आढळली. हे कळल्यावर उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक का असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. मग अंतर्गत गुण, प्रकल्प आणि व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, यांना मात्र ही काळजी लागू नाही असे आपण का धरून चालतो?

व्हायव्हाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी ‘विवर्तन म्हणजे काय’ हे मराठीत नीट सांगू शकतो आणि इंग्रजीत विचारले की गप्प होतो. परीक्षक त्याचे मौन अज्ञान म्हणून नोंदवतात. आमच्या अंतर्गत तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने कोणत्याही भाषेत, मालवणीतही, उत्तर द्यावे आणि परिभाषा तेवढी अभ्यासक्रमातली वापरावी असे ठरले आहे. मोहल्ल्यातून येणाऱ्या मुली घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू शिकलेल्या असतात, आणि वर्गात मराठी-इंग्रजीच्या कात्रीत सापडतात. त्यांच्या बाबतीत या सवलतीचा परिणाम सर्वांत लवकर दिसला. त्यांना विषय येत नव्हता असे नव्हे, तो आम्ही त्यांच्याकडून ऐकून घेत नव्हतो.

आपण कोकणातली माणसे सुधारकांच्या वारशावर फार विसंबतो, असे मला कधीकधी वाटते. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले ते महाडला. आणि तिथून जवळच लोणेरे येथे त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. गणिताचे प्राध्यापक असलेले धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडला वाढले आणि त्यांनी १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ काढले. भाषणात ही नावे घेतली की आमच्याकडे भेदभाव नाही असा निष्कर्ष आपोआप निघतो. तो निघू नये म्हणून २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला मी रामन परिणामाबरोबर आणखी एक हकीकत सांगते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवतांची धाकटी बहीण आणि पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष चाचणीचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. त्यांचे काम पाहिल्यावर संस्थेचे दार इतर स्त्रियांना उघडले गेले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईला परतल्यावर पुढे नीरेतल्या पोषकद्रव्यांवर महत्त्वाचे संशोधन केले. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढण्याचा व्यवसाय आहे अशी मुले या ठिकाणी मान वर करतात. रामन यांची थोरवी या हकिकतीने कमी होत नाही, असे सांगून मी ती थांबवते. थोर माणसाच्या हातूनही अशा अटी घातल्या जातात, म्हणून प्रवेशाचे नियम व्यक्तीच्या थोरवीवर सोडायचे नसतात.

नियम आपल्याकडे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेविषयक विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला (२०१६) आणि मुंबईतली वैद्यकीय विद्यार्थिनी पायल तडवी (२०१९) यांच्या जातीय छळाशी जोडल्या गेलेल्या मृत्यूनंतर त्यांच्या मातांना हे विनियम प्रत्यक्षात यावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, यावरून त्यांची अंमलबजावणी किती झाली होती ते समजते. अनेक ठिकाणी हा अधिकारी फलकावर असतो आणि विद्यार्थ्याला तो कुठे बसतो ते ठाऊक नसते. प्रवेशाच्या बाजूने सरकारने बरेच केले आहे: आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येवरच्या जादा, जागा आल्या, आणि महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०२४ मध्ये पूर्ण माफ झाले. मात्र जागा राखीव झाल्यावर वर्गात ‘कोट्यातली’ हा शब्द कसा वापरला जातो, आणि खुल्या गुणवत्तेवर आलेल्या विद्यार्थ्यालाही तो कसा चिकटवला जातो, हे विभागातल्या शिक्षकाने ऐकून न ऐकल्यासारखे केले तर त्या जागेचा अर्धा अर्थ तिथेच संपतो.

संगणकशास्त्राच्या वर्गात या सर्वांचा गुंता एकदम दिसतो. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन मुले शिक्षकाच्या आधी उत्तर देतात, कारण त्यांच्याकडे आठवीपासून लॅपटॉप आहे. उरलेल्यांना वाटते की आपल्यात ती उपजत बुद्धीच नाही. अमेरिकेतल्या हार्वी मड महाविद्यालयात २००६ च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत स्त्रिया दहा टक्क्यांच्या आसपास होत्या. त्यांनी पहिला अभ्यासक्रम बदलला, सुरुवात पायथन या संगणकभाषेने केली, आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांची आणि न केलेल्यांची तुकडी वेगळी ठेवली. काही वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले. विषय सोपा केला नव्हता. सराव आणि बुद्धी यांची गल्लत थांबवली होती. खेडेगावातून येणाऱ्या, मोबाइलवरच टायपिंग शिकलेल्या आमच्या मुलामुलींना हीच रचना अधिक उपयोगी पडेल, आणि दोन तुकड्या तर आमच्याकडे संख्येमुळे असतातच. प्रश्न त्या वर्णानुक्रमे पाडायच्या की अनुभवानुसार, एवढाच आहे.

विविधता ही दुबळ्यांवर केलेली मेहेरबानी आहे, या समजुतीला उत्तर म्हणून माझ्याकडे एक जवळचे उदाहरण आहे. प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी खडकाळ किनाऱ्यावरच्या जीवांच्या अभ्याससहलीची तारीख सुट्टी बघून ठरवली होती. बंदरावरच्या घरातली एक विद्यार्थिनी म्हणाली की त्या दिवशी अष्टमी आहे, भांग (लहान भरती-ओहोटी) असेल, पाणी पुरेसे ओसरणारच नाही. तिची आई कालवे आणि तिसऱ्या काढायला जाते, त्यामुळे तिला हे तिथीवरून कळत होते. सहल पौर्णिमेच्या उधाणावर नेली, तेव्हा ओहोटीही मोठी असते. खालच्या पट्ट्यातले खडक उघडे पडले आणि स्पंज व सागरी गोगलगायींच्या नोंदी प्रथमच व्यवस्थित झाल्या. आता सहलीची तारीख विद्यार्थ्यांची समिती ठरवते. त्याच समितीने किनाऱ्यालगतच्या एका घरी मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय करून घेतली. आधीच्या सहलींना काही मुली सकाळपासून पाणी न पिता उन्हात उभ्या राहत होत्या, ही माहिती कोणत्याही अहवालात आलेली नव्हती.

अपंगत्वाचा विचार आमच्याकडे अजून उताराच्या रॅम्पपाशीच थांबतो, तोही चिऱ्याच्या जुन्या इमारतीत तळमजल्यापुरता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या, परंतु प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर असेल तर ती जागा कागदावरच राहते. काही अडचणी तर दिसतही नाहीत. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या विद्यार्थ्याला अनुमापनात मिथिल ऑरेंजचा अंत्यबिंदू, म्हणजे रंग बदलण्याचा क्षण, ओळखता येत नाही. तो शेजाऱ्याकडे बघून आकडा लिहितो आणि कॉपी केली म्हणून बोलणी खातो. त्याला पीएच मीटर देऊन तेच अनुमापन करू दिले तर त्याचा आलेख इतरांपेक्षा चांगला येतो.

पदवीनंतरचा भाग वेगळा आहे. त्याकडे वळण्याआधी वेळापत्रकाबद्दल एवढेच सांगते की एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट झाले, परंतु दुपारचे प्रॅक्टिकल पाच वाजता सुटते आणि आतल्या गावांची शेवटची गाडी त्याच सुमारास निघते. आम्ही लांबच्या विद्यार्थ्यांची बॅच सकाळी घेतली आणि दोन वर्षे अर्धवट राहणारे प्रयोग पूर्ण होऊ लागले. शिक्षकांच्या बाबतीत मात्र असा सुटसुटीत उपाय विभागाच्या हाती नाही. कोकणातल्या महाविद्यालयांत रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांत स्त्रिया खूप आहेत, सेट-नेट या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झालेल्या आहेत, आणि तास घेतला तरच मानधन मिळते. बाळंतपणात तास बंद, म्हणजे मानधन बंद, आणि पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. विद्यार्थिनींसमोर विज्ञानातल्या कारकिर्दीचे जे उदाहरण रोज उभे असते ते हे आहे. आठ मार्चला त्यांना गुलाब देऊन, रांगोळी काढून आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी छायाचित्रे घेऊन त्यात फरक पडत नाही.

ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष समतेसाठी २००५ पासून चालणाऱ्या अथेना स्वॅन सनदेत विभागाला स्वतःची आकडेवारी मांडून सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो, आणि त्याच धर्तीवर आपल्या केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘गती’ हा उपक्रम आणला. कल्पना चांगली आहे. ब्रिटनमधल्या अनुभवातून पुढे आलेली तक्रार अशी की त्या अर्जांचे कागदी काम स्त्री प्राध्यापकांच्याच गळ्यात पडते, आणि आपल्याकडे ते वेगळे होईल असे मानायला मला कारण दिसत नाही. म्हणून अशा अर्जासाठी नेमलेल्या समितीचे काम परीक्षेच्या कामासारखे कार्यभारात धरावे, हा आग्रह पहिल्या बैठकीतच धरलेला बरा.

नियमित पदांच्या निवड समितीत मागास, अल्पसंख्याक, स्त्री किंवा अपंग उमेदवार असेल तर त्या गटाचा प्रतिनिधी असावा, अशी तरतूद अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आहे. तासिका तत्त्वावरच्या मुलाखती मात्र अनेकदा एका टेबलाभोवती अर्ध्या दिवसात उरकतात, आणि तिथे उमेदवार स्त्रीला तिचा विषय विचारण्याआधी ‘मिस्टर कुठे असतात, बदलीची नोकरी आहे का’ असे विचारले जाते. गुणांचा तक्ता मुलाखतीपूर्वी ठरवणे, तो सर्व उमेदवारांना सारखाच लावणे, घरगुती प्रश्न वगळणे आणि बाळंतपणाच्या खंडानंतर परतणाऱ्या शिक्षिकेचा आधीचा अनुभव ग्राह्य धरणे, हे सारे प्राचार्य आणि विभागप्रमुख यांच्या अधिकारात आहे. त्यासाठी मे महिन्यात, जाहिरात निघण्यापूर्वी, एक बैठक पुरेशी आहे.